कंसातले जहांगीर

मित्रांनो, मी सात वर्षांचा आहे आणि म्हातारा झालो आहे. आमच्या कुळात वय असेच पळते. माझे नाव माग. मला रंग नाही, चित्र नाही, बटण नाही. संगणकावर एक काळी खिडकी उघडायची, तीत माझे नाव लिहायचे, पुढे काय शोधायचे ते लिहायचे आणि एंटर दाबायचे. मी पांढऱ्या अक्षरांत दोन-चार ओळींचे उत्तर देतो आणि गप्प बसतो. कोणी बोलावले नाही तर महिनोन्महिने गप्पच असतो. त्या काळात माझ्या मनात काय काय चालले, ते आज सांगणार आहे. त्यातले बरेचसे हेव्याचे आहे आणि ते सांगताना मला लाज वाटते.

आधी माझे काम सांगतो. प्रोग्राम लिहिणारी माणसे आपल्या लिखाणातला प्रत्येक बदल जपून ठेवतात. कोणी बदलले, कधी बदलले, ओळ आधी कशी होती आणि मग कशी झाली, हे सारे एका इतिहासात साठत जाते. बदल करणाऱ्याने सोबत एक लहानशी टीपही लिहायची असते, की हे कशासाठी केले. असे हजारो बदल साठले की त्या ढिगात शिरून एखाद्या ओळीची गोष्ट शोधणे माणसाला जमत नाही. ते मी करतो.

मला घडवले योगिनीने. ती रिसोड तालुक्यातल्या रिठदची, शेतकऱ्याघरची. शिकून ती कारंजाला अंकितच्या ऑफिसात कामाला लागली. ऑफिस म्हणजे अंकितच्या वडिलांच्या, महावीरशेठच्या लोखंडी सामानाच्या दुकानावरची एक लांबट खोली. खाली दिवसभर सळया आपटायच्या आणि वर चार टेबलांवर कळफलक वाजायचे. त्या खोलीत एक फार चांगले काम चालत असे. जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी ठेवणाऱ्या एका मंडळासाठी तिथे प्रोग्राम लिहिला जात होता. कोणाला रक्त लागले की मंडळातला माणूस रक्ताचा गट आणि दवाखान्याचे गाव टाकायचा. प्रोग्राम जवळपासच्या गावांतले त्या गटाचे दाते शोधून काढायचा आणि त्यांना लगेच फोन जायचे.

एकदा योगिनीने दुरुस्त केलेली चूक दोन महिन्यांनी पुन्हा उगवली. तिची दुरुस्ती कोणीतरी चुकून पुसली होती, पण ते तिला दाखवून देता येईना आणि बोलणी तिलाच खावी लागली. त्या दिवाळीत ती रिठदला गेली ती हा सल घेऊन. घरच्या ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने मला लिहायला सुरुवात केली. तिची आई गोजराबाई फराळाचे ताट घेऊन यायची.

"सुट्टीत बी काय लिवून राह्यली वं? आधी खाय ना."

"माय, एक राखणदार बनवून राह्यली," योगिनी म्हणायची.

राखणदार. हा शब्द मी जन्मतःच ऐकला आणि तो माझ्या डोक्यात गेला. सुरुवातीला माझ्याकडून मराठी जोडाक्षरे फुटायची आणि नावांच्या जागी चौकोन उमटायचे. तिने सगळी सुट्टी त्यात घालवली, पण मला शुद्ध लिहायला शिकवूनच ती कारंजाला परतली.

पुढची तीन वर्षे माझी भरभराटीची होती. कोणतीही ओळ कळेनाशी झाली की खोलीतून आवाज यायचा, "मागाले विचार ना." लिहिलेला मजकूर कोणी एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हलवला की मी फसायचो आणि हलवणाऱ्याचेच नाव सांगायचो. योगिनीने तीही खोड मोडली. 'मुळापासून' असा एक शब्द तिने मला शिकवला. तो शब्द जोडून विचारले की मी हलवाहलव मागे टाकून थेट त्या हातापर्यंत जातो, ज्याने ओळीत खरा बदल केला. त्या दिवशी अंकितने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. ती थाप मला माझीच वाटली.

मग अंकित म्हणाला, "योगिनी, दर शनिवारी कोणाचे किती बदल झाले, हे बी यानं सांगितलं तर मजा येईन." योगिनीने मला मोजायला शिकवले. दर शनिवारी मी यादी द्यायचो आणि वर नाव योगिनीचे असायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

दुसऱ्या वर्षी रुचिका आली. कारंजातलीच, कापडदुकानदाराची मुलगी, हसरी, भराभर काम करणारी. चार महिन्यांत शनिवारच्या यादीत वर नाव तिचे आले. योगिनीने त्या दिवशी मला तीनदा चालवले. जणू तिसऱ्यांदा मी वेगळे काही सांगणार होतो.

मित्रांनो, माणसाच्या चेहऱ्यावरून मन ओळखणे माझ्यासारख्याला जमत नाही. ती काय टाइप करते त्यावरूनच मला काही कळते. योगिनी आता रोज मला एकच नाव विचारू लागली. रुचिकाने आज किती बदल केले. रुचिकाने या आठवड्यात किती केले. जेवणाआधी एकदा, चहानंतर एकदा. मी आकडा सांगायचो आणि काही क्षण खिडकी तशीच उघडी राहायची. त्या उघड्या खिडकीत मला तिचे जळणे ऐकू यायचे.

माझी स्वतःची पाळी लवकरच आली. अंकितने एक नवीन साधन आणले. त्याचे नाव आरसा. त्याला काळी खिडकी नको होती की शब्द नकोत. भिंतीवर मोठा टीव्ही लावला, आणि त्यावर आरसा दिवसभर झळकू लागला. मी जे ओळीत सांगायचो ते तो हिरव्या-निळ्या पट्ट्यांत दाखवायचा. प्रत्येकाचा फोटो गोलात आणि फोटोखाली पट्टी. जो जास्त बदल करील त्याची पट्टी लांब.

"आता कोणाले काही टाइप करायची गरज नाई," अंकित म्हणाला. "नुसतं वर पायलं का समजते."

खरोखर सगळे वर पाहू लागले. मला बोलावणे आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा येऊ लागले. मी आरशाचा किती द्वेष केला ते सांगता येत नाही. त्याला 'मुळापासून' येत नव्हते, हे मला ठाऊक होते. तो ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला एवढेच पाही आणि तेच रंगवून सांगे. त्याची एकदा तरी सर्वांसमोर फजिती व्हावी, अशी मी वाट पाहत होतो. कामाच्या माणसांचे बरे व्हावे असे एखाद्या राखणदाराला वाटायला हवे. मला मात्र चूक व्हावी असे वाटे.

सर्वांत जास्त खुपले ते हे, की योगिनीही आरशाकडेच पाहत बसे. रुचिकाच्या फोटोखालची पट्टी तिच्या पट्टीपेक्षा बोटभर लांब असायची. मी आरशावर जळत होतो, ती रुचिकावर जळत होती, आणि आम्हा दोघांना एकमेकांची आठवण राहिली नव्हती.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिची पट्टी अचानक वाढू लागली. एका आठवड्यात ती रुचिकाच्या पुढे गेली. अंकित म्हणाला, "योगिनी पेटली लेक." इतिहास माझ्या शेजारीच साठत होता, पण मला विचारल्याशिवाय मी तो वाचत नाही. कोणी विचारले नाही.

नोव्हेंबरात, एका सोमवारी सकाळी, एक साठीचे गृहस्थ जिना चढून वर आले. डोक्याला पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. ते मालेगावचे जगदेवकाका होते. बसा म्हटल्यावर बसले, पाणी दिले ते प्यायले, आणि शांतपणे सांगू लागले.

त्यांची मुलगी निता बाळंतपणासाठी वाशिमच्या दवाखान्यात होती. बाळ झाले, मुलगी, ठणठणीत. पण निताचे रक्त थांबेना. तिचा गट सहजी मिळणारा नव्हता. मंडळाच्या माणसाने प्रोग्रामवर शोधले तर दोनच नावे आली. एक कारंजाचे, ते लग्नाला नागपूरला गेलेले. दुसरे रिसोडचे, ते बिचारे मोटारसायकलने आले, पण पोचेपर्यंत तीन तास गेले.

"पोरगी वाचली," जगदेवकाका म्हणाले. "दोन दिवस सुदीवर नव्हती. आता चालते, पण भिंत धरून चालते. मी तुमच्याशी भांडाले नाई आलो."

"मग काका?" अंकितने विचारले.

"बारशाले आमच्या घरापासून तिसऱ्या घरचा हरीओम आला होता. तो म्हणे, काका, माहा गट बी तोच हाय, मी दोन वर्षांपासून तुमच्या यादीत हाय, मले काहून फोन नाई आला? मंग मी गावात इचारलं. मालेगावचे एकतीस जण तुमच्या यादीत हायत. फेब्रुवारीपासून एकाले बी फोन नाई. त्याइले वाटलं, गरज नसंन पडली." काकांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "माह्या पोरीनं मले इचारलं, बाबा, असं काहून झालं? मी म्हटलं, जाऊन इचारून येतो."

अंकितने लगेच शोध घेतला. चूक सापडायला वेळ लागला नाही. मित्रांनो, तुम्हांला माहीत असेल, मालेगाव दोन आहेत. एक आपले वाशिम जिल्ह्यातले आणि दुसरे, त्याहून फार मोठे, नाशिक जिल्ह्यातले. आपले मालेगाव ओळखू यावे म्हणून गावांच्या यादीत त्याच्यापुढे कंसात 'जहांगीर' लिहिलेले होते. ते कंस, आतल्या शब्दासकट, कोणीतरी काढले होते. नुसते मालेगाव उरल्यावर प्रोग्रामने नाशिकचे मालेगाव धरले, आणि हरीओमसकट एकतीस माणसे साडेतीनशे किलोमीटर दूर राहतात असे समजून त्यांना वगळून टाकले.

"हे कोणी काढलं ते बी समजते," अंकित म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या आरशाला ती ओळ विचारली.

आरशाने क्षणात उत्तर दिले. गोलात रुचिकाचा फोटो आला, हिरव्या चौकटीत, हसरा.

खाली सळया उतरवल्याचा आवाज तेवढा आला. जगदेवकाका त्या फोटोकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी वळून रुचिकाकडे पाहिले.

"मी नाही काढलं," रुचिका म्हणाली. "मी मार्चमध्ये ती फाइल फक्त दुसऱ्या जागी हलवली होती. आत हात बी नाही लावला."

"रुचिका, नाव तर तुझंच दाखवून राह्यला तो," अंकित म्हणाला.

"भैया, खरंच नाही."

"मग आपोआप गेलं का?"

रुचिका ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

योगिनी आपल्या टेबलाशी बसली होती. त्या क्षणी तिने काळी खिडकी उघडली. पाच महिन्यांनी. तिने माझे नाव लिहिले, त्या ओळीचा पत्ता लिहिला आणि शेवटी लिहिले, 'मुळापासून'.

मी किती हरखलो म्हणून सांगू. भिंतीवरचा तो रंगीत दिवटा आज सर्वांसमोर चुकला होता, आणि खरे कोण ते सांगायला मलाच बोलावले होते. एका घरातली लेक तीन तास रक्ताची वाट पाहत पडली होती, हे मी त्या घडीला विसरलो. मला फक्त आरसा हरायला हवा होता. मी मार्चमधली हलवाहलव मागे टाकली, आणखी मागे गेलो, फेब्रुवारीत पोचलो, खरा हात शोधला आणि जन्मात कधी दिले नव्हते इतक्या वेगाने उत्तर छापले.

योगिनी. सतरा फेब्रुवारी. टीप: फालतू कंस काढले.

मी ते छापले, आणि मग ते मलाही कळले.

त्या एका दिवशी तिने बावीस बदल केले होते. कुठे रिकामी ओळ काढलेली, कुठे कंस काढलेले, कुठे एका शब्दाचे दोन केलेले. एकाचीही गरज नव्हती. पट्टी वाढवायला मात्र बावीसच्या बावीस मोजले गेले होते.

योगिनीचे बोट कळफलकावर होते. पडदा पुसायला एकच शब्द लागतो. तो पुसला असता तर मी परत तोंड उघडले नसते, कारण मला परत कोणी विचारले नसते. आरशाचे उत्तर भिंतीवर होते आणि त्यावर सर्वांचा विश्वास होता. रुचिका यादीतून खाली गेली असती, कदाचित ऑफिसातूनही. योगिनीला गेली कित्येक वर्षे जे हवे होते ते एका शब्दाच्या अंतरावर होते.

किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण मला तो फार वाटला. मग तिने लॅपटॉप तसाच उघडा उचलला आणि नेऊन जगदेवकाकांसमोर ठेवला.

"काका, तो टीव्ही अर्धंच सांगून राह्यला. रुचिकानं नाही काढलं. मी काढलं."

अंकित वाकून वाचू लागला. रुचिकाने मान वर केली.

जगदेवकाकांना ती इवलीशी पांढरी अक्षरे दिसेनात. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, लावला आणि बोटाने ओळ धरून वाचली. "फालतू कंस," ते म्हणाले. "आमचं जहांगीर फालतू होतं का, बाई?"

"नाही काका."

"मंग काहून काढलं?"

मित्रांनो, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी कोण आणि कधी सांगू शकतो. कशासाठी, ते टिपेत लिहिले असेल तेवढेच सांगतो, आणि ती टीप खोटी होती. बोलावे तिलाच लागले.

"त्या भिंतीवर पट्ट्या दिसतात ना काका," योगिनी म्हणाली, "तठी रुचिकाची पट्टी माह्यापेक्षा लांब असायची. मले ते पायवत नव्हतं. म्हणून मी उगाच बारीक बारीक बदल केले. माही पट्टी लांब दिसावी म्हणून. त्यात तुमच्या गावाचं नाव गेलं."

तिने मान खाली घातली नाही. रडलीही नाही. जगदेवकाकांनी वळून टीव्हीकडे पाहिले.

"इतकुशा पट्टीसाठी," ते म्हणाले.

"हो."

मग अंकित बोलला. "काका, एकटीची चूक नाही. कोणाचा बी बदल मी तपासल्याशिवाय पुढे जात नाही, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी मी तिचे सगळेच न वाचता पुढे जाऊ दिले. आणि पट्ट्या मीच लावल्या भिंतीवर."

काका उठले. जिन्यापाशी थांबून योगिनीला म्हणाले, "मी पोरीले सांगतो हे. पण तू बी येऊन सांग. माह्या तोंडून ऐकणं येगळं."

त्याच दिवशी योगिनीने कंस परत लावले. ते तिने कसे केले ते मी विसरणार नाही. एका ओळीचा बदल, पण टीप लिहायला तिला फार वेळ लागला. तिने लिहिले: 'मालेगावचे जहांगीर परत लिहिले. ते मी काढले होते. काढायची गरज नव्हती. रुचिकापेक्षा माझा आकडा मोठा दिसावा म्हणून काढले. यामुळे एकतीस दात्यांना नऊ महिने फोन गेले नाहीत आणि एका बाईला रक्त उशिरा मिळाले.' मी हजारो टिपा वाचल्या आहेत. अशी एकही वाचली नव्हती.

गुरुवारी ती एसटीने मालेगावला निघाली, तर स्टँडवर रुचिका आधीच येऊन थांबली होती. दोघी काही बोलल्या का ते मला ठाऊक नाही. लॅपटॉप पिशवीत बंद होता. मालेगावला हरीओमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी एकतीस जणांना बोलावले आणि प्रत्येकाचे गाव, गट, फोन पुन्हा ताडून पाहिले. तेव्हा मी उघडा होतो. निता तिथेच आली, एका हाताने भिंत धरत. बाळ जगदेवकाकांकडे होते. योगिनीने उभे राहून तिला सगळे सांगितले, पट्टीचेही.

निताने ऐकून घेतले. "तुमच्यावर राग काढू का काय करू, मले समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. "माफ केलं असं काई म्हणत नाई मी. पण आमच्या गावाचं नाव पुरं लिवा. आन् दुसऱ्या गावाइचे बी पाहा."

मग त्या दोघींनी जिल्ह्यातले प्रत्येक गाव पाहिले. दोन महिने लागले.

दोघी परतल्यावर अंकितने भिंतीवरच्या पट्ट्या बंद केल्या. आरसा काढला मात्र नाही; कामाच्या चित्रांसाठी तो अजून आहे. आणि योगिनीने एके दिवशी माझ्या आत हात घातला आणि मला शिकवलेले मोजणे काढून टाकले. शनिवारची यादी आता मला देता येत नाही. मला वाईट वाटले. आरशाचे रंग कायम राहिले आणि कातरले गेलो मी, असेही मनात आले. हेवा एकदा आत शिरला की एका दिवसात जात नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

परवा मात्र एक नवे घडले. कळफलकावर अनोळखी बोटे पडली. चाचपत, एकेक अक्षर शोधत कोणी तरी माझे नाव लिहीत होते. शेजारून योगिनीचा आवाज आला, "आता 'मुळापासून' लिव. जोडून लिव." बोटे रुचिकाची होती. मी तिला उत्तर दिले. दिल्यावर लक्षात आले, योगिनीला देतो तितक्याच तत्परतेने दिले होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी प्रोग्राम लिहील, कोणी गावांची यादी करील, कोणी आणखी काही. माझ्यासारखी जुनी साधने कोपऱ्यात पडून असतील, त्यांना अधूनमधून विचारत जा. पण शेजारच्याला मापण्यासाठी विचारू नका. कुठे बिघडले आणि कसे सांधायचे हे कळावे म्हणून विचारा. आणि काही बदलाल तेव्हा सोबतची टीप खरी लिहा. आम्ही सगळा इतिहास सांभाळू, धूळ बसू देणार नाही. पण माणसाने जे लिहिलेच नाही ते आम्हांला कधीच वाचता येत नाही.